नाव गटाचं, माल कुणाचा?

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. शिवणकाम करणाऱ्या एका बचत गटाच्या बैठकीला मी गेले होते. गटात अकरा जणी, मशिनी सात. हप्ते जमा झाले, वही लिहून झाली आणि मग अध्यक्षबाईंनी पिशवीतून एक कागद काढला. तालुक्याच्या गावचा एक व्यापारी आदल्या दिवशी त्यांच्या घरी येऊन गेला होता. सरकारी वसतिगृहांसाठी चादरी आणि उशांचे अभ्रे यांची खरेदी निघणार होती आणि तीत महिला बचत गटांना प्राधान्य होतं. व्यापाऱ्याचं म्हणणं सरळ होतं : "तुमचं लेटरहेड, शिक्का आणि सह्या द्या. बाकी सगळं मी बघतो. बिल निघालं की शंभराला दोन रुपये तुमचे."

म्हणजे शिवायचं काहीच नव्हतं. माल तयार येणार होता. गटाच्या वाट्याला फक्त नाव देणं होतं.

बैठकीत बराच वेळ वाद झाला. एकीच्या मुलीची कॉलेजची फी थकली होती. ती म्हणाली, "घरबसल्या मिळतायत तर काय वाईट?" दुसरीने विचारलं, "नाव आपलं, माल त्याचा. उद्या पहिल्या धुण्याला चादर फाटली तर साहेब कुणाला बोलावतील?" मी अर्थातच नको म्हणाले. आपलं नाव असं भाड्याने द्यायचं नसतं, सरकारी कागदावर खोटी सही म्हणजे उद्याचा गुन्हा, वगैरे सगळं सांगितलं. सगळ्यांनी ऐकून घेतलं. मग गटातल्या वयाने सगळ्यात मोठ्या मावशी शांतपणे म्हणाल्या, "ताई, नाही म्हणून टाकू. पण मग खरं काम तू आणून देशील का?"

माझ्यापाशी उत्तर नव्हतं. या अंकाचं संपादकीय त्या प्रश्नातून आलं आहे.

सरकार हे आपल्या देशातलं फार मोठं गिऱ्हाईक आहे. शाळेचा गणवेश, अंगणवाडीचा आहार, दवाखान्यातल्या चादरी, कचेरीतल्या फायली, सगळं कुणाकडून तरी विकतच घेतलं जातं. खुल्या बाजारात भांडवल, ओळखी आणि वाहनं ज्यांच्याकडे आहेत त्यांचीच सरशी होते. तेव्हा जनतेच्या पैशातून होणाऱ्या खरेदीचा काही वाटा लहान, स्थानिक उत्पादकांसाठी आणि त्यातही बायकांसाठी राखून ठेवा, ही मागणी रास्त आहे. आपणही ती सभांमधून, निवेदनांतून केलेली आहे. ती कागदावर बरीचशी मान्यही झाली. प्रश्न आहे तो कागदावरून उतरून पैसा कुठे जातो याचा.

आधी कागद पाहू. केंद्र सरकारने २०१२ साली सूक्ष्म आणि लघु उद्योगांसाठी सार्वजनिक खरेदी धोरण काढलं. केंद्राची खाती आणि सार्वजनिक उपक्रम यांनी आपल्या वार्षिक खरेदीपैकी किमान २० टक्के खरेदी लहान उद्योगांकडून करावी, असं त्यात होतं. १ एप्रिल २०१५ पासून ते सक्तीचं झालं. २०१८ साली हा वाटा २५ टक्के केला गेला आणि त्यात महिलांच्या मालकीच्या उद्योगांसाठी ३ टक्के ठेवले गेले. अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांसाठी ४ टक्के आधीपासून होतेच. राज्यांचे खरेदीचे नियम वेगळे आहेत, पण विचाराची दिशा साधारण हीच आहे.

ऐकायला हे चांगलं वाटतं. पण त्यातली दराची अट नीट वाचायला हवी. सर्वांत कमी दर मोठ्या कंपनीचा असेल आणि लहान उद्योगाचा दर त्याहून जास्तीत जास्त १५ टक्के वर असेल, तर लहान उद्योगाला त्या मागणीचा एक हिस्सा पुरवायची संधी मिळते. कोणत्या दराने? मोठ्या कंपनीच्या दराने. समजा कारखान्याने चादरीचा दर शंभर रुपये भरला आणि गटाने एकशे बारा. गटाला सांगितलं जाईल की तुम्हीही शंभरला द्या, मग हिस्सा घ्या. म्हणजे सवलतीपोटी सरकार जास्तीचा एक रुपयाही मोजत नाही. ते बारा रुपये गटानेच कुठून तरी कमी करायचे. कापड स्वस्त होत नाही, वीज स्वस्त होत नाही, एसटीचं भाडं कमी होत नाही. कमी करता येण्यासारखी एकच गोष्ट बाईच्या हातात असते, ती म्हणजे तिची स्वतःची मजुरी. म्हणून सवलतीचा बोजा कुणावर पडतो हे विचारलं, तर उत्तर पुष्कळदा मशीनवर बसलेल्या बाईपाशी येऊन थांबतं.

दुसरा शब्द आहे 'स्थानिक'. २०१७ साली केंद्राने देशी मालाला प्राधान्य देणारा खरेदीचा आदेश काढला. त्यात स्थानिक म्हणजे भारतात तयार झालेलं. मालाच्या किमतीतला निम्मा किंवा अधिक वाटा देशातला असेल तर तो पुरवठादार पहिल्या वर्गाचा स्थानिक. परदेशी मालाशी स्पर्धा करताना या व्याख्येला अर्थ आहे. पण तिच्या हिशेबाने शेकडो कोटींचा कारखानाही स्थानिक आणि आमच्या सात मशिनींचा गटही स्थानिक. तेव्हा कुणी स्थानिकांना प्राधान्य दिलं म्हणून टाळ्या मागितल्या, तर आपण आधी विचारावं की कुठले स्थानिक?

तिसरा शब्द 'महिलांच्या मालकीचा'. एकट्या बाईची मालकी किंवा भागीदारीत, कंपनीत बायकांचा किमान ५१ टक्के हिस्सा, अशी व्याख्या आहे. स्वतःच्या हिमतीवर धंदा उभ्या करणाऱ्या कितीतरी जणी आहेत आणि त्यांना हा आधार मिळायलाच हवा. पण घरातल्या पुरुषाने धंदा करायचा आणि कागदावर बायकोचं, सुनेचं नाव लावायचं, ही रीतही आपल्याला नवी नाही. जमिनीच्या बाबतीत, पंचायतीच्या बाबतीत आपण ती पाहिली आहे. मालकी मोजली जाते, पण तिथे किती बायका कामाला आहेत, त्यांना काय मजुरी मिळते, निर्णय कोण घेतं, हे मोजलं जात नाही.

नाव एकाचं आणि धंदा दुसऱ्याचा, याचं सगळ्यात मोठं उदाहरण आपल्याच राज्यात घडलं. ऑक्टोबर २००४ मध्ये अन्न अधिकाराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की अंगणवाडीच्या आहारासाठी ठेकेदार नकोत. धान्य खरेदी आणि शिजवणं यांसाठी शक्यतो गावसमूह, बचत गट आणि महिला मंडळं यांना काम द्यावं. किती मोठी दारं उघडणारा हा आदेश होता! गावातल्या बाईला गावातच मजुरी, गावच्या शेतातली ज्वारी-डाळ गावच्या लेकरांच्या पोटात आणि चव ओळखीची.

महाराष्ट्रात पुढे काय झालं? घरी न्यायच्या आहाराच्या पाकिटांची प्रचंड मोठी कंत्राटं मोजक्या महिला संस्थांच्या नावे गेली. न्यायालयाने नेमलेल्या अन्न आयुक्तांच्या अहवालाने २०१२ साली त्यावर नेमकं बोट ठेवलं : कंत्राट महिला संस्थांच्या नावे, उत्पादन मात्र खाजगी कंपन्यांच्या कारखान्यांत. पाकिटं मुलं खात नाहीत, ती जनावरांपुढे टाकली जातात, अशा तक्रारी गावोगावच्या कार्यकर्त्या करत राहिल्या. २०१६ साली राज्याने पुन्हा निविदा काढल्या. त्यांतल्या अटी लहान गटांना बाहेरच ठेवणाऱ्या होत्या, म्हणून काही गट न्यायालयात गेले. वैष्णोराणी महिला बचत गटाच्या त्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१९ मध्ये गटांच्या बाजूने निकाल दिला आणि त्या निविदा रद्द ठरवल्या.

२००४ ते २०१९, म्हणजे पंधरा वर्षं. पहिल्या आदेशाच्या वर्षी जन्मलेलं अंगणवाडीतलं मूल तोवर दहावीच्या वर्गात पोचलं. मैत्रिणींनो, आमच्या गटाकडे आलेल्या त्या व्यापाऱ्याने काही नवा शोध लावलेला नव्हता. वर मोठ्या प्रमाणावर झालं तेच तो तालुक्यात करू पाहत होता.

आता दुसरं उदाहरण घेऊ. यात नाव आणि काम दोन्ही बायकांचं होतं, तरी हिशेब जमला नाही. सरकारी शाळांतल्या मुलांच्या दोन गणवेशांसाठी समग्र शिक्षा योजनेतून मुलामागे ६०० रुपये मिळतात. खरेदी शाळा व्यवस्थापन समितीने करायची अशी पद्धत होती. २०२४-२५ या शैक्षणिक वर्षात राज्याने 'एक राज्य एक गणवेश' आणला. कापडाची खरेदी राज्यपातळीवर झाली. एक गणवेश महिला आर्थिक विकास महामंडळाच्या बचत गटांमार्फत शिवायचा आणि दुसऱ्याचं, म्हणजे स्काऊट-गाईडच्या गणवेशाचं कापड शाळा समितीने गावपातळीवर शिवून घ्यायचं ठरलं. त्यासाठी शिलाईचे १०० रुपये आणि वरखर्चाला १० रुपये ठरवले गेले.

शंभर रुपयांत काय होतं ते मशीनवर बसणारीला विचारा. समजा, एक सरावलेली बाई दिवसभरात तीन जोड पुरे करते. कटिंग, शिलाई, काज-बटण, इस्त्री सगळं धरून. तीनशे रुपये झाले. दोरा, बटणं, सुया, वीज यांचे जोडामागे पंचवीस धरले तर पंच्याहत्तर गेले. हातात राहिले सव्वादोनशे. त्याच वर्षी महाराष्ट्रात रोजगार हमीवर माती उचलायची मजुरी दिवसाला २९७ रुपये होती. शिवणाचं कसब शिकलेली, मशीनचं कर्ज अंगावर घेतलेली बाई खड्डा खणणाऱ्या बाईपेक्षा कमी कमावणार असेल, तर या प्राधान्याला काय म्हणायचं? आणि खड्डा खणणारीलाही पुरेसं मिळत होतं असं नाही.

पुढे राज्यात ठिकठिकाणी गणवेश उशिरा पोचले, मापं चुकली, टीका झाली. डिसेंबर २०२४ मध्ये सरकारने निर्णय फिरवला आणि २०२५-२६ पासून खरेदी पुन्हा शाळा समित्यांकडे दिली. आपल्या दृष्टीने यातलं वाईट असं की अपयशाचं खापर सहज 'बायकांना जमलं नाही' यावर फुटतं. खरं तर कापड कुठून घ्यायचं, कधी घ्यायचं, शिलाईचा दर काय आणि मुदत किती, यातलं काहीच बायकांनी ठरवलेलं नव्हतं. मोठी रक्कम कापडात होती आणि ती खरेदी वर झाली. खाली आली ती शिलाई, तीही घाईची आणि तुटपुंजी.

मात्र शाळा समितीकडे खरेदी आली की सगळं आपोआप बायकांकडे येतं, असंही नाही. गावपातळीवर काम मिळतं ते बहुधा बाजारपेठेतल्या कापड दुकानदाराला आणि त्याच्या ओळखीच्या शिंप्याला. पैसा तालुक्यात राहतो हे खरं, पण तालुक्यात कुणाकडे राहतो हाही प्रश्न आहेच. स्थानिक सत्ता काही आपोआप बायकांची नसते.

या धोरणाच्या विरोधातले मुद्देही आपण नाकारून चालणार नाही. कुणी म्हणतं, जनतेचा पैसा आहे, स्वस्त मिळेल तिथून घ्या. महाग गणवेश म्हणजे तितक्याच पैशात कमी मुलांना गणवेश. हा मुद्दा खरा आहे, कारण ती मुलंही आपल्याच घरांतली आहेत. कुणी म्हणतं, आहाराच्या बाबतीत स्वच्छता आणि पोषणाच्या कसोट्या गटांना झेपत नाहीत. लहान बाळाच्या तोंडात जाणाऱ्या घासाच्या बाबतीत आपण सवलत मागू शकत नाही. आणि एक मुद्दा आपण स्वतःला विचारला पाहिजे : आमच्या तालुक्यातल्या गटाला मिळालेलं काम इचलकरंजीच्या किंवा सोलापूरच्या कुठल्या तरी कामगार बाईच्या हातचं गेलेलं नाही ना? प्रत्येक गावाने आपापली कवाडं लावून घेतली, तर कुठल्याच बाईचा माल शिवेबाहेर जाणार नाही.

म्हणून 'स्थानिक' या शब्दाची पूजा करावी असं मला वाटत नाही. जिथे काम हातांचं आहे, माल रोज ताजा लागतो किंवा गिऱ्हाईक दारातच आहे, तिथे स्थानिक खरेदीचा फायदा सगळ्यांनाच होतो. अंगणवाडीचा गरम आहार, शाळेची खिचडी, गणवेशाची शिलाई आणि दुरुस्ती ही अशी कामं. गटातल्या बाईला मिळालेली मजुरी त्याच आठवड्याच्या बाजारात किराणा, भाजी, वह्या यांवर खर्च होते. तो पैसा गावात आणखी दोन-चार हातांतून फिरतो. पण गावात फक्त शिक्का उमटला आणि माल बाहेरून आला, तर फिरायला मागे राहतात शंभरातले दोन रुपये.

हे जमूच शकत नाही असं नाही. केरळात कुटुंबश्रीच्या दोनशेहून अधिक लहान केंद्रांतून बायका अंगणवाडीतल्या मुलांसाठी 'अमृतम न्यूट्रिमिक्स' हे पीठ तयार करतात. त्याची कृती कासरगोडच्या केंद्रीय लागवडी पीक संशोधन संस्थेने तयार करून दिली. गहू सरकारी कोट्यातून येतो आणि केंद्रं आपापल्या भागातल्या अंगणवाड्यांना माल देतात. म्हणजे बायकांना उघड्या स्पर्धेत ढकलून देऊन वर 'तुम्हाला जमत नाही' असं कुणी म्हटलं नाही. कृती, कच्चा माल आणि गिऱ्हाईक या तीन गोष्टी आधी उभ्या केल्या आणि मग काम मागितलं. तिथेही अडचणी येत असतील. पण कसोटी लावायची तर आधी ती उतरण्याची सोय लावून द्यावी लागते, एवढं त्यातून शिकता येतं.

आणखी एका गोष्टीबद्दल आपण फार कमी बोलतो, ती म्हणजे बिलाची तारीख. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार लहान उद्योगाचे पैसे फार तर ४५ दिवसांत द्यायला हवेत. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज द्यावं लागतं. कायदा चांगला आहे. पण पुढचं काम त्याच साहेबांच्या टेबलावरून येणार असताना व्याज मागायला कुठली अध्यक्षबाई जाईल? साधा हिशेब मांडा. गटाने कापडाला एक लाख रुपये शेकडा दोनच्या व्याजाने उचलले आणि बिल सहा महिने अडकलं, तर बारा हजार रुपये व्याजातच गेले. एवढा नफा गणवेशाच्या शिलाईत असतो कुठे? मोठा ठेकेदार सहा महिने थांबू शकतो, गट थांबू शकत नाही. केंद्राच्या धोरणात लहान उद्योगांना निविदा भरताना बयाणा रक्कम माफ आहे, पण काम मिळाल्यावरची सुरक्षा ठेव आहेच. म्हणून मला वाटतं, किती टक्के राखीव यापेक्षा आगाऊ रक्कम किती आणि बिल किती दिवसांत, यावर गट टिकतो की नाव विकतो हे ठरतं.

तेव्हा यापुढे आपल्या मागण्या टक्केवारीवर थांबू नयेत. मागणीचे तुकडे गटाला पेलतील एवढे लहान हवेत. चार तालुक्यांची मोट बांधून एकच निविदा काढायची आणि मग गट पुढे आले नाहीत म्हणायचं, हे बंद व्हावं. शिलाईचा, स्वयंपाकाचा दर किमान वेतनाचा हिशेब करून आधी जाहीर व्हावा आणि बोलीची चढाओढ मजुरीवर नसावी. त्यासाठी जास्त पैसे लागत असतील तर ते अंदाजपत्रकात उघडपणे दाखवावेत, बाईच्या मजुरीतून गुपचूप काढू नयेत. कापडासाठी आगाऊ रक्कम मिळावी. माल कुठे तयार झाला, किती जणींनी केला, कुणाला किती मजुरी मिळाली, हे बिलासोबत लिहून द्यावं आणि ग्रामसभेत वाचलं जावं. दर्जाची तपासणी कडक असावी, पण ती मोठ्या पुरवठादाराचीही तितकीच कडक असावी.

यातलं एक काम आपण स्वतः आजपासून करू शकतो. आपापल्या तालुक्यात गेल्या वर्षी महिला गटांच्या नावे झालेल्या सरकारी खरेदीची यादी २००५ च्या माहिती अधिकाराखाली मागवा. मग त्या गटांच्या बायकांना जाऊन भेटा. त्यांना दोषी ठरवायला नव्हे. मशीन कुठे आहे, काम कुणी केलं, हातात किती आलं, एवढंच विचारा. आलेली उत्तरं आमच्याकडे पाठवा. गटांची नावं आम्ही छापणार नाही.

आमच्या त्या गटाने अखेर नकार दिला. खरेदी थांबली नाही. दुसऱ्या एका गटाच्या नावावर चादरी आल्या असं पुढे कानावर आलं. त्या गटातल्या बायकांवर मला राग काढता येत नाही. आमच्या गटाच्या सात मशिनींपैकी चार आजही आठवड्यातले निम्मे दिवस झाकून ठेवलेल्या असतात. फी थकलेल्या मुलीच्या आईने नकाराच्या कागदावर सही करताना माझ्याकडे पाहिलंही नव्हतं.

नाव विकू नका, हे सांगायला माझ्यासारखीला काही लागत नाही. माझा पगार महिन्याला येतो. त्या मावशींच्या प्रश्नाचं उत्तर मी एकटी देऊ शकत नाही, पण आपण सगळ्यांनी मिळून ते सरकारकडे मागू शकतो. नकार देणाऱ्या गटाला खरं काम मिळेपर्यंत प्रामाणिकपणाची किंमत त्या अकरा जणींनीच मोजत राहायची, हे आपल्याला मान्य आहे का?